पारंपरिक धनुष्यासाठी ब्रॉडहेड कोणते निवडावे? (४५ पाउंडी रिकर्व्ह, टेक्सासमधील रानडुकरे)

घोडबंदरकर (ठाणे):

नमस्कार मंडळी,

शाळेत असताना मी बांबूच्या धनुष्यावर इंडियन राउंड खेळत असे, म्हणजे ३० आणि ५० मीटरवर. नोकरी लागल्यावर ते सुटले, आणि अलीकडे लाकडी रिकर्व्हवर (टोके पुढे वळलेल्या धनुष्यावर), साइट किंवा स्टॅबिलायझर न लावता, पुन्हा नेम धरू लागलो आहे. येत्या हिवाळ्यात टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओजवळ राहणाऱ्या मावसभावाकडे जाणे ठरले आहे. त्याच्या ओळखीच्या एका शेतमालकाच्या जमिनीवर रानडुकरांनी उच्छाद मांडला असून धनुष्यबाणाने शिकार करण्याची परवानगी त्याने आम्हा दोघांना दिली आहे. भारतात असे काही करता येत नाही याची मला पूर्ण कल्पना आहे. येथे मी केवळ सराव करणार आहे.

साहित्य असे : धनुष्यावर २८ इंचांना ४५ पाउंड (म्हणजे दोरी तेवढी ओढायला लागणारा जोर) अशी नोंद आहे, पण माझी ओढ २७ इंचच भरते. बाण कार्बनचे, ५०० स्पाइनचे (स्पाइन म्हणजे बाणाचा ताठपणा; आकडा लहान तितका बाण ताठ), २९ इंच लांबीचे. पुढे १२५ ग्रेनचा (ग्रेन हे वजनाचे लहान एकक) फील्ड पॉइंट, म्हणजे सरावाचे साधे गोल टोक, मागे उजव्या पंखाची पाच इंची तीन पिसे. एका बाणाचे एकूण वजन ४०० ग्रेनच्या आसपास भरते.

अडचण ब्रॉडहेडची, म्हणजे शिकारीच्या बाणाला पुढे लावायच्या धारदार पात्यांच्या टोकाची आहे. भाऊ कंपाउंड (कप्प्यांचे) धनुष्य वापरतो आणि शरीरात शिरताना पाती उघडणारे मेकॅनिकल ब्रॉडहेड लावतो. तेच तुलाही देतो, असे तो म्हणतो. मी जे वाचले त्यात मात्र कोणी दोन पात्यांचे घ्या म्हणतो, कोणी तीन पात्यांचे, कोणी एकाच बाजूने धार असलेले, आणि वजन १२५ ग्रेनपासून थेट ३०० ग्रेनपर्यंत सांगितले जाते. प्रत्येकाचे म्हणणे वाचताना पटते आणि दुसऱ्याचे वाचले की पहिले डळमळते. माझ्यासारख्या मध्यम ताकदीच्या धनुष्याला खरोखर काय मानवेल, आणि निवड करताना आधी कशाकडे पाहावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

---

खारघरवासी:

घोडबंदरकर, नोकरीनिमित्त माझी बरीच वर्षे टेक्सासात गेली आणि रानडुकरांच्या मागे लाँगबो (लांब, सरळ धनुष्य) घेऊन मी पुष्कळ हिंडलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भावाने देऊ केलेले मेकॅनिकल ब्रॉडहेड साभार परत करा. ते वाईट नसतात, पण त्यांची पाती उघडण्यात बाणाची काही ऊर्जा खर्च होते, आणि ती खर्च करण्याची ऐपत कंपाउंडला असते, आपल्याला नसते. हिशोब करून पाहा. ४०० ग्रेनचा बाण कंपाउंडमधून सेकंदाला २८० फूट वेगाने गेला, तर त्याची ऊर्जा सुमारे ७० फूट-पाउंड होते. तोच बाण तुमच्या रिकर्व्हमधून सेकंदाला १६५ फूट वेगाने गेला असे धरले, तर ती जेमतेम २४ फूट-पाउंड भरते. तुमच्या धनुष्यावर ४५ लिहिलेले असले तरी ओढ एक इंच कमी असल्यामुळे तुमच्या बोटांवर प्रत्यक्षात ४२-४३ पाउंडच येत असणार, हेही विसरू नका. एवढ्या ऊर्जेत काम भागवायचे तर ब्रॉडहेड असे हवे, की जे कातडीला टेकताक्षणी कापू लागेल आणि आत जाताना कमीत कमी अडेल. म्हणजेच अगदी टोकापासून धार असलेले, घट्ट बसवलेल्या पात्यांचे. ज्यांच्या पुढे गोल किंवा तिकोनी टोक असते आणि धार मागे सुरू होते, ती ब्रॉडहेडेही पारंपरिक धनुष्याला फारशी मानवत नाहीत. ते टोक आधी भोक पाडते आणि पाती मग कापतात, त्या पहिल्या ढकलण्यातच बराच जोर जातो.

आता दोन पाती की तीन, हा प्रश्न. माझे मत दोन पात्यांच्या बाजूचे आहे, आणि तेही लांबट, अरुंद घडणीच्या. अमेरिकन धनुर्धर हॉवर्ड हिल यांनी आपल्या लाँगबोसाठी रुंदीच्या तिप्पट लांबी हे प्रमाण धरले होते, आणि पुढे डॉ. एड अ‍ॅशबी यांनी १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळमध्ये शिकार झालेल्या जनावरांवर बाण किती आत गेले याच्या नोंदी ठेवल्या, तेव्हा त्यांनाही हेच प्रमाण सरस वाटले. लांबट पाते उताराच्या लांब पाचरीसारखे काम करते. आखूड आणि रुंद पाते मोठी जखम करते खरे, पण बाण मध्येच थांबला तर त्या रुंदीचा उपयोग काय? अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी मोठ्या जनावरांसाठी किमान रुंदी सात-अष्टमांश इंच ठरवली आहे. एक ते सव्वा इंच रुंदीचे दोन पात्यांचे ब्रॉडहेड तुम्हाला पुरेसे आहे. मिनेसोटाच्या झ्विकी कंपनीचे एस्किमो, मॅग्नस किंवा ग्रिझलीची साधी दोन पात्यांची ब्रॉडहेडे, यांपैकी कोणतेही चालेल. अॅशबींचे नाव निघाले की त्यांचा ६५० ग्रेनचा आकडाही लगेच पुढे येतो. तो जड हाडे फोडण्यासंबंधीचा आहे. मोठ्या सांबराएवढ्या किंवा त्याहून थोर जनावरावर जाणाऱ्याने त्याचा विचार करावा. चाळीस-पन्नास किलोच्या डुकरासाठी तुमच्या धनुष्यातून तेवढा जड बाण सोडलात, तर तो इतका वक्र जाईल की अंतराचा अंदाज थोडा चुकताच नेम हुकेल.

तरीही पुढचे वजन वाढवावे, हे मी आग्रहाने सांगेन. तुमच्या सध्याच्या बाणाचा तोल नॉकच्या (मागे दोरीत अडकणाऱ्या टोकाच्या) खाचेपासून साधारण १९.३ इंचांवर येत असणार. बाणाच्या निम्म्या लांबीपेक्षा हा बिंदू जितका पुढे, तितके एफओसी (फ्रंट ऑफ सेंटर, म्हणजे पुढे झुकलेला तोल) जास्त, आणि ते बाणाच्या लांबीच्या टक्केवारीत मोजतात. तुमचे सुमारे साडेसोळा टक्के येते, तेही वाईट नाही. १२५ ऐवजी २०० ग्रेन लावलेत तर बाण ४७५ ग्रेनचा होईल, तोल २०.९ इंचांवर जाईल आणि एफओसी २२ टक्क्यांच्या घरात पोहोचेल. वेग सेकंदाला दहाएक फुटांनी उतरेल, पण बाणाचा रेटा वाढेल, धनुष्याचा आवाज कमी होईल आणि बाण लवकर सावरून सरळ होईल. तुमच्या ४२ पाउंडांना ४७५ ग्रेन म्हणजे पाउंडामागे ११ ग्रेन. शिकारीच्या बाणाला पाउंडामागे दहा ग्रेनच्या खाली जाऊ नये असे जुने लोक सांगतात, ते माझ्याही अनुभवास आले आहे.

डुकराच्या शरीराबद्दल एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या, कारण ब्रॉडहेडची निवड शेवटी तिच्यावर ठरते. डुकराचे हृदय आणि फुफ्फुसे हरणाच्या मानाने खाली आणि पुढे असतात, जवळजवळ पुढच्या पायांच्या मध्ये. हरणाच्या सवयीने पायाच्या मागे वितभर अंतरावर मारलेला बाण डुकराच्या पोटात जातो. त्यात वयात आलेल्या नराच्या खांद्यावर कातडीखाली कूर्चेसारखी चिवट, जाड ढाल असते. ती चाचपून पाहिली तर टायरच्या रबराची आठवण होते. ४२ पाउंडांच्या धनुष्याने तिच्यावर बाण मारूच नये. जनावर थोडे पाठमोरे, तिरके उभे राहीपर्यंत थांबावे, म्हणजे बाण ढालीच्या मागून आत शिरून पुढच्या विरुद्ध खांद्याकडे जातो. अंतर पंधरा यार्डांच्या आतले ठेवावे. मोठ्या नराला सोडून द्यावे. माद्या आणि मध्यम आकाराची डुकरे तुमच्या साहित्याला योग्य आहेत.

परवान्याबद्दल आपण विचारले नाही, तरी सांगतो. टेक्सासात रानडुकरांना बंद हंगाम नाही, आणि १ सप्टेंबर २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने त्यांची शिकार करणाऱ्यास शिकारीचा परवाना लागत नाही. ती संमती लेखी घ्या. भावाने हरणाचा विषय काढला, तर मात्र परवाना आणि हंगाम दोन्ही लागू होतात.

---

वागळे इस्टेट (निवृत्त):

नमस्कार. माझी सगळी नोकरी ठाण्यातल्या टूलरूममध्ये गेली. शिकार मी कधी केली नाही आणि करणारही नाही, पण आमच्या गटातल्या पोरांची ब्रॉडहेडे धार लावायला आणि सरळ करायला माझ्याकडेच येतात. खारघरवासी यांनी ब्रॉडहेड कोणते ते सांगितले. माझ्या मते कोणते यापेक्षा ते कसे बसवले आहे आणि कसे पाजवले आहे याने जास्त फरक पडतो. नामांकित कंपनीचे ब्रॉडहेड वाकडे बसले, तर ते स्वस्तातल्या सरळ ब्रॉडहेडपुढे हरते, हे मी पाहत आलो आहे.

आधी सरळपणाचे. फील्ड पॉइंट गोल असल्यामुळे थोडा वाकडा बसला तरी हवेत फारसे कळत नाही. ब्रॉडहेडला पंख असतात, त्यामुळे तो पुढून बाणाला वळवू लागतो आणि मागची पिसे त्याला आवरू लागतात, आणि या ओढाताणीत बाण भलतीकडे जातो. म्हणून बाण कापल्यावर त्याचे तोंड काटकोनात घासून घ्यावे; मगच इन्सर्ट (बाणाच्या तोंडात बसवलेला पेचाचा तुकडा) सपाट टेकतो. आमच्याकडे व्ही-ब्लॉकवर बाण ठेवून टोकाशी डायल लावली की रनआउट, म्हणजे फिरताना टोक किती हलते ते, काट्यावर दिसते. घरी हे सारे नको. पाटावर दोन-दोन खिळ्यांच्या दोन कैच्या ठोकाव्यात, त्यांवर बाण आडवा ठेवून बोटाने फिरवावा, आणि ब्रॉडहेडच्या अणकुचीमागे पांढरा कागद उभा धरून त्यावर टोकाच्या जागी बारीक ठिपका द्यावा. बाण फिरताना टोक ठिपक्यावरून हलले नाही तर बसवणी बरोबर. ते वर्तुळ काढू लागले, तर आधी तेच ब्रॉडहेड दुसऱ्या बाणावर लावून पाहावे, म्हणजे दोष ब्रॉडहेडचा की इन्सर्टचा हे लगेच कळते.

आता धार. नव्या ब्रॉडहेडवर कारखान्याची धार असते असे समजून कोणी थेट वापरू नये. पारंपरिक दोन पात्यांची बरीच ब्रॉडहेडे कानशीने नुसता उतार काढून विकली जातात, खरी धार आपण लावायची असते. धार लावण्यासाठी रस्त्यावरच्या फिरत्या चाकावर ती कधीही देऊ नयेत. चाकावर पाण्याशिवाय पाते टेकले की कड क्षणात तापते, निळी पडते आणि पोलादाला दिलेले पाणी उतरते. नंतर तिला कितीही धार लावली तरी ती हाडाला लागताच वळते.

पद्धत साधी आहे. धारेच्या उतारावर काळ्या मार्करने रंग द्यावा. मध्यम दाताच्या कानशीवर दर बाजूला वीस ते पंचवीस अंशांच्या कोनात पाते ओढावे आणि रंग कुठून निघतो ते पाहावे. रंग फक्त वरच्या कडेचा गेला तर कोन जास्त उभा झाला. फक्त मागचा गेला तर फार आडवा झाला. उताराच्या पूर्ण रुंदीचा सारखा गेला की कोन जमला. असे करता करता धारेच्या पलीकडच्या बाजूस नखाला लागणारी बारीक कड उठते. फिटर लोक तिला बर म्हणतात. ती टोकापासून बुडापर्यंत सलग लागली पाहिजे. मधे कुठे लागली नाही, तर तेथे धार अजून पोहोचलेली नाही. मग बाजू बदलावी. दोन्ही बाजू झाल्या की बारीक ऑइल स्टोनवर हात हलका करत जावे आणि शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर पॉलिशिंग पेस्ट लावून पाते उलट दिशेने ओढावे, म्हणजे राहिलेली बर निघून जाते. बर ठेवून दिलेली धार बोटाला तीक्ष्ण वाटते, पण पहिल्याच केसाळ कातडीवर ती मोडते.

एकाच बाजूने धार असलेल्या ब्रॉडहेडला उताराची बाजू तेवढी घासायची. सपाट बाजूस फक्त बर काढण्यापुरते दगडावर टेकवायचे, कोन द्यायचा नाही. हे काम नवशिक्याला उलट सोपे जाते. ही पाती आत शिरताना फिरतात, आणि ती पिसांच्या फिरण्याच्या दिशेनेच फिरली पाहिजेत. आपली पिसे उजव्या पंखाची आहेत, तेव्हा घेतलेच तर उजव्या उताराचे घ्यावे.

धार तपासायला लोक हातावरचे केस काढतात. मी रबर बँड दोन बोटांवर ताणतो आणि त्यावर पाते नुसते टेकवतो, ओढत नाही. टेकताच तुटला तर झाले. ओढल्यावर तुटत असेल, तर पुन्हा दगडाकडे.

आणखी एक. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो, की साध्या कार्बन पोलादाचे पाते पाजवून उघडे ठेवले तर चार-आठ दिवसांत धारेवर तांबूस ठिपके येतात, आणि गंज सर्वांत आधी धारच खातो. शिलाई मशीनच्या तेलाचा हात द्यावा आणि डबीत बंद करावे. शिकारीच्या आधी तेल पुसून बिनवासाची व्हॅसलीन लावावी, कारण डुकराचे नाक फार तिखट, असे जाणारे सांगतात.

---

ऐरोलीचा बाण:

खारघरवासी यांचे बहुतेक मुद्दे मान्य आहेत, पण तीन पात्यांना त्यांनी फारच लवकर बाजूला सारले असे मला वाटते.

डुकराची चरबी जाड असते आणि जखम आतून बुजवते. दोन पात्यांनी केलेली जखम ही एक फट असते. जनावर हलले की कातडी सरकते आणि फट मिटते, मग रक्ताचा माग मिळत नाही. दक्षिण टेक्सासच्या काटेरी झुडपांत माग न मिळणे म्हणजे जनावर हातचे जाणे. तीन पात्यांची जखम तिकोनी असते आणि तशी मिटत नाही. आकड्यांतही पाहा : सव्वा इंच रुंदीच्या दोन पात्यांच्या ब्रॉडहेडची धार एकूण सव्वा इंच कापते, तर तेवढ्याच व्यासाचे तीन पात्यांचे ब्रॉडहेड जवळजवळ एक पूर्णांक नऊ दशांश इंच कापते, म्हणजे दीडपट.

शिवाय तीन पात्यांची धार लावणे त्याहून सोपे. लांबट तीन पात्यांचे, वुड्समनसारखे, ब्रॉडहेड सपाट दगडावर आडवे ठेवले की दोन पात्यांचे उतार आपोआप टेकतात. कोन धरायचाच नसतो. वागळे इस्टेटवाल्या काकांनी सांगितलेली मार्करची युक्ती येथेही चालते. मी स्वतः ५० पाउंडांवर अशीच वापरतो आणि डुकरांवर ती आरपार गेली आहेत.

---

खारघरवासी:

ऐरोलीकर, ५० पाउंड आणि ४२ पाउंड यांतला फरक हाच माझा मुद्दा आहे. दीडपट कापायचे तर अडथळाही त्याच मानाने वाढतो. डुकराच्या जखमेतून माग मिळवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे बाण पलीकडे बाहेर पडणे, तोही खालच्या बाजूने. रक्त वरच्या भोकातून येत नाही, शरीरातच साचते. ४२ पाउंडांवर ते खालचे भोक मिळण्याची शक्यता मला दोन पात्यांत जास्त दिसते. घोडबंदरकरांचे धनुष्य ५० पाउंडी असते, तर मी आपल्याशी वाद घातला नसता.

मधला मार्ग म्हणून दोन पात्यांत आडवे छोटे ब्लीडर (जोडपाती) असलेली ब्रॉडहेडे मिळतात. अमेरिकन धनुर्धर आणि धनुष्यनिर्माते फ्रेड बेअर यांनी १९५० च्या दशकात आणलेल्या रेझरहेडमध्ये असा ब्लीडर सरकवण्याची आणि काढून टाकण्याची सोय होती. पहिल्या शिकारीला मी तो काढूनच ठेवीन.

---

घोडबंदरकर:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तूर्त माझा कल साध्या दोन पात्यांकडे झुकला आहे, आणि पुढे एकूण २०० ग्रेन हेही पटले. दोन शंका राहिल्या. एक, पुढे ७५ ग्रेन वाढवल्यावर ५०० स्पाइनचे हेच बाण चालतील का? दुसरी, ब्रॉडहेडने सराव येथे कसा करावा? आमच्या मैदानावर गवताच्या पेंढ्यांची लक्ष्ये आहेत आणि ती ब्रॉडहेडने चिरली जातील म्हणून तेथे परवानगी मिळणार नाही. घराजवळच येऊर असल्याने तिकडे एखाद्या मोकळ्या जागी फोमचे लक्ष्य ठेवावे, असा विचार मनात येतो.

---

नेरूळ_अभ्यासक:

येऊरचा विचार कृपया सोडून द्यावा. तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येतच धनुष्यबाण नावाने घातलेला आहे, आणि कलम ३१ अन्वये अभयारण्यात, तसेच त्याच धर्तीवर राष्ट्रीय उद्यानात, लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन जाता येत नाही. आपण लक्ष्यावर बाण मारत होता की जनावरावर, हा प्रश्न नंतरचा. ब्रॉडहेड लावलेला बाण पाठीवर दिसला, तर वनरक्षकाने शिकारीचा संशय घेणे स्वाभाविक आहे, कारण त्या कायद्यात शिकारीचा प्रयत्नसुद्धा शिकारच धरला जातो. कर्नाळ्याच्या बाजूलाही हेच लागू आहे.

विमानात धनुष्य, बाण आणि ब्रॉडहेड हातातल्या सामानात चालत नाहीत. सोपवायच्या बॅगेत, पाती झाकून, कडक डब्यात ठेवावीत.

---

खारघरवासी:

नेरूळकरांचे म्हणणे शिरसावंद्य माना. ब्रॉडहेड येथे नेण्या-आणण्याची गरजच नाही. ती भावाच्या पत्त्यावर मागवा आणि येथे फक्त २०० ग्रेनच्या फील्ड पॉइंटने सराव करा. तयारीचा मोठा भाग त्यातच होतो.

स्पाइनचे उत्तर असे. पुढचे वजन वाढले की बाण सोडताना जास्त वाकतो, म्हणजे व्यवहारात मऊ पडतो. तुमच्या ५०० च्या बाणाला १२५ ग्रेनवर नीट जमत असेल, तर २०० ग्रेनवर तो बहुधा मऊ ठरेल आणि ४०० स्पाइनच्या बाणाकडे जावे लागेल. अंदाजावर राहू नका. एकाच बाणाची पिसे काढा, बाकी पिसांच्या बाणांबरोबर तो पंधरा यार्डांवरून मारा आणि तो त्यांच्या कोणत्या बाजूला जातो ते पाहा. तुम्ही उजव्या हाताने दोरी ओढत असाल आणि बिनपिसांचा बाण उजवीकडे लागत असेल, तर बाण मऊ आहे. डावीकडे लागला तर कडक आहे. कडक असेल तर तो पूर्ण लांबीचाच ठेवून पुढे वजन वाढवता येते. मऊ असेल तर थोडा थोडा, पाव इंचाच्या हिशोबाने, आखूड करता येतो. तुमच्याकडे २७ इंच ओढीला २९ इंचांचा बाण आहे, म्हणजे जास्तीत जास्त एक इंच कापण्यास वाव आहे. त्याहून आखूड केलात तर पूर्ण ओढीवर ब्रॉडहेड धनुष्य धरलेल्या हाताच्या जवळ येतो, आणि ती गंमत नाही.

टेक्सासात पोहोचल्यावर पहिले तीन-चार दिवस शिकारीचे नाव काढू नका. थरांच्या फोमचे लक्ष्य भावाकडून आणवा. तीन बाणांना ब्रॉडहेड, तीन बाणांना त्याच वजनाचे फील्ड पॉइंट लावा आणि आलटून पालटून मारा. ब्रॉडहेड फील्ड पॉइंटच्या उजवीकडे किंवा डावीकडे जात असतील, तर वरचाच नियम लागू होतो. ते खाली लागत असतील तर दोरीवरचा नॉक पॉइंट (बाण अडकवायची जागा) थोडा खाली आणा, वर लागत असतील तर वर न्या. फील्ड पॉइंट अगदी जुळून लागत असतानाही हा फरक दिसू शकतो. त्यात तुमच्या हाताचा दोष नसतो. ब्रॉडहेड फक्त आधीपासून असलेली चूक मोठी करून दाखवतो. दोन्ही एका जागी लागू लागले, की जे तीन ब्रॉडहेड त्यात वापरले ते सरावापुरते वेगळे ठेवा, नवी तीन धार लावून शिकारीसाठी घ्या, आणि त्यातला प्रत्येक एकदा तरी मारून, पुन्हा पाजवून, मगच तरकशीत ठेवा. तरकश पाती पूर्ण झाकणारीच हवी. उघड्या पात्यांची तरकश घेऊन रात्री झुडपांत पडलेल्या माणसाला टाके घालताना मी पाहिले आहे.

---

घोडबंदरकर:

हे सगळे नीट समजले. शेवटचा प्रश्न काकांना : चिकटवायचे ब्रॉडहेड घ्यावे की पेचाचे? १२५ ग्रेनचे चिकटवायचे एस्किमो घेऊन २०० ग्रेन कसे साधायचे?

---

वागळे इस्टेट (निवृत्त):

चिकटवायचेच घ्या. त्यांना पाच अंशांच्या उताराचा पोलादी अ‍ॅडाप्टर मिळतो, त्याच्या मागे नेहमीचा पेच असतो, त्यामुळे ते तुमच्या कार्बन बाणाच्या इन्सर्टमध्ये सरळ बसतात. १२५ ग्रेनचे ब्रॉडहेड आणि ७५ ग्रेनचा पोलादी अ‍ॅडाप्टर मिळून २०० होतात. अ‍ॅल्युमिनियमचे अ‍ॅडाप्टर हलके असतात, पण हाडाला लागल्यावर उतारापाशीच वाकतात. ते घेऊ नका.

चिकटवायला हॉट मेल्ट कांडी वापरावी, इपॉक्सी नको. इपॉक्सी एकदा वाकडी बसली की काढता येत नाही. हॉट मेल्ट पुन्हा तापवून, ब्रॉडहेड पाव फेरा फिरवून, टोक ठिपक्यावर येईपर्यंत बसवता येते. ब्रॉडहेड आणि अ‍ॅडाप्टर दोन्ही स्वच्छ पुसून, अ‍ॅडाप्टरचा उतार बारीक पॉलिश पेपरने खरखरीत करून घ्यावा. तापवताना अ‍ॅडाप्टर बाणातून काढून पक्कडीत धरावा, कारण बाणावरच तापवला तर उष्णता इन्सर्टमध्ये उतरते आणि त्याचा गोंद सुटतो. आच अ‍ॅडाप्टरला द्यावी, पात्याला नाही. पाते निळे पडले तर काय होते ते वर सांगितलेच आहे. अ‍ॅडाप्टर तापला की त्यावर कांडी टेकवून गोंद वितळू द्यावा, ब्रॉडहेड थोडा फिरवत दाबावा, बाहेर आलेला गोंद गार होण्याआधी पुसावा, आणि मगच बाणावर चढवून खिळ्यांच्या कैचीवर फिरवून पाहावा.